बाकावरच्या सोबत्याची गोष्ट घरी सांगा

१४ जून

मावशी,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं शेवटी जागा उरली तर. आधी भांडण.

तू राजधानीत पंख्याखाली बसून पुस्तिका लिहितेस आणि ती टपालाने येऊन आमच्या डोक्यात बसते. यंदा बुधवारचा शेवटचा तास 'शांततेचा'. मुख्याध्यापकांनी तो माझ्या गळ्यात मारला. का, तर म्हणे, "तुमच्या मावशीच त्या खात्यात आहेत, तुम्हाला सोपं जाईल." मी गणिताची बाई. मला अपूर्णांकही धड शांतपणे शिकवता येत नाहीत.

सहावीचा वर्ग आहे. मुलं पहिल्या दिवशी आत आली ती आपोआप दोन भागांत बसली. वरच्या वस्तीची खिडकीकडे, खालच्या वस्तीची भिंतीकडे. मधली रांग मोकळी, तिथे नुसती दप्तरं. मी काही बोलले नव्हते. दोन वर्षांपूर्वी खालच्या वस्तीतली बेकरी जाळली, आत बेकरीवाल्याचा धाकटा भाऊ झोपला होता, तो गेला, हे तुला ठाऊकच आहे. कोणी जाळली? वरच्यांनी, असं सगळे म्हणतात. पण नाव कोणी घेत नाही. कोणी काहीच पाहिलं नाही असं साऱ्या गावाने मिळून ठरवून टाकलंय. त्या बेकरीवाल्याची मुलगी माझ्याच वर्गात आहे. बारीक, चपळ, एका जागी ठरत नाही. मी तिला खारूताई म्हणते.

तुझ्या पुस्तिकेतला पहिला उपक्रम घेतला. पांढरं कबूतर काढा. एका पठ्ठ्याने सुरेख कबूतर काढलं आणि शेजारी गलोल ताणलेला मुलगा. विचारलं, हा कोण? तर म्हणतो, "बाई, हा वरचा आहे." सगळा भिंतीकडचा वर्ग खदाखदा हसला आणि खिडकीकडून पट्टी भिरभिरत आली. तास संपला.

आता सांग, काय करू? फोन करणार होते, पण तुझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तू भलत्याच प्रश्नांची उत्तरं देतेस. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

तुझी भाची


२२ जून

भाचीबाई,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एवढी हसले की साहेब केबिनमधून डोकावले. ते कबूतर माझं नव्हे, त्यांचंच आहे. फाडून टाक ते पान, मी कोणाला सांगणार नाही.

माझं खरं काम पुढच्या पुस्तकात आहे. ते अजून कच्चं आहे, पण तुला आधी देते. नीट वाच, गणितासारखं वाच.

पहिलं, जोडीचा बाक. वरचं एक मूल, खालचं एक मूल, एका बाकावर, आणि दोघांत एकच खोडरबर. चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत, तू ठरवायचं. दुसरं, भांडण झालं की लगेच उत्तर द्यायला बंदी. आधी समोरचा काय म्हणाला ते त्याच्यासमोर सांगायचं, तो "हो, असंच" म्हणेपर्यंत. मगच आपलं बोलायचं. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गृहपाठ. बाकावरच्या सोबत्याची गोष्ट घरी सांगा. आपल्या घरी, आपल्या मोठ्या माणसांना, जशीच्या तशी. मग त्यांना काय वाटलं ते विचारा.

मी हिवाळ्यात निवृत्त होतेय. सबंध आयुष्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रूफं तपासली. हे एक माझं म्हणून नीट करून जायचंय, आणि ते खऱ्या वर्गात चालतं का हे सांगणारं माझ्याकडे तुझ्याशिवाय कोणी नाही. तेव्हा कुरकुर न करता कर.

मावशी


१९ जुलै

मावशी,

चालतंय ग. मला कबूल करायला जड जातंय, पण चालतंय.

पहिले दोन आठवडे नुसता तमाशा. बाकावर खडूने मध्ये सीमारेषा. एका जोडीने खोडरबर दातांनी तोडून अर्धा अर्धा केला आणि मला येऊन सांगितलं, "बाई, आम्ही शांततेने वाटून घेतला." दोन पालक येऊन गेले. मी त्यांना खात्याचं पत्रक दाखवलं, त्यावरचा शिक्का बघून ते गेले.

खारूताईला मी शिंप्याच्या मुलीशेजारी बसवलंय. ही वरच्या वस्तीतली. बाप आणि काका मिळून दुकान चालवतात, आपल्या शाळेचे गणवेश त्यांच्याकडूनच येतात आणि पोलिसांचेही. मुलगी अशी नीटनेटकी की माझ्या फळ्यावरची चूक काढते. सगळे तिला मास्तरीण म्हणतात. तुझा तो "असंच" वाला नियम तिला फारच आवडला. परवा मला म्हणाली, "बाई, तुम्ही मला रागावलात, पण मी काय म्हणाले ते आधी सांगा बरं." मी सांगितलं. तीन वेळा सांगितलं तेव्हा कुठे "हो, असंच" म्हणाली. काय समाधान झालं होतं तिच्या चेहऱ्यावर!

दोघींची गट्टी जमलीय. मधल्या सुट्टीत एकच डबा उघडतात, तो संपला की दुसरा.

पण मागच्या बुधवारी एक झालं. 'मला भीती वाटली तो दिवस' असा विषय होता. खारूताई उभी राहिली आणि म्हणाली, "त्या दिवशी मी बेकरीच्या शटरच्या फटीतून बघत होते." सगळा वर्ग तिच्याकडे वळला. मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, पुढचं नको, बस. ती बसली आणि मास्तरीण तिच्याकडे वळून म्हणाली, "मला सांग. मी ऐकते." मग दोघींची कुजबूज सुरू झाली, मी फळ्याकडे तोंड केलं.

तो गृहपाठ मात्र नको वाटतो. वर्गाला चार भिंती आहेत ग, घराला काके-मामे असतात. तो राहू दे का?

तुझी भाची


२७ जुलै

लाडके,

राहू दे काय म्हणतेस! अग, गृहपाठ नसेल तर बाकीचं सगळं म्हणजे भातुकली. चार भिंतींच्या आत शहाणं वागायला कोणालाही शिकवता येतं. मूल शाळेतून घरी जातं आणि जेवायला बसलं की शाळा पुसली जाते, हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. मोठ्यांपर्यंत पोचायचं तर मुलांच्या तोंडूनच. मुलाचं बोलणं कोणी टाळत नाही.

तुला भीती वाटते, कारण तू लहानपणापासूनच भित्री. झोपाळ्यावर बसायला सहा महिने लावलेस. मी ढकललं तेव्हा बसलीस, आणि मग उतरायला तयार होईनास.

एक खूण सांगते, ती लक्षात ठेव. गोष्ट ऐकून घरचे रागावतील, विषय बदलतील, उठून जातील. ते सगळं चालायचंच. पण ज्या दिवशी घरातलं एखादं मोठं माणूस उलट प्रश्न विचारेल, त्या दिवशी समज की अर्धं काम झालं. चौकशी करणारा माणूस अर्धा वळलेला असतो.

मी कालच्या बैठकीत तुझ्या वर्गाबद्दल सांगितलं. कधी नव्हे ते साहेबांनी चष्मा काढून ऐकलं. त्या दोन मुलींचं पुढे काय होतं ते मला ताबडतोब कळव.

मावशी


१० ऑगस्ट

मावशी,

तू जिंकलीस. घे, लिहून देते.

गृहपाठ दिला. बऱ्याच जणांनी केलाच नाही, दोघांनी मार खाल्ला, एकाच्या आजीने गोष्ट ऐकून वर आपलीच गोष्ट सांगितली. पण मास्तरणीने तुझा गृहपाठ तुझ्या पुस्तकातल्यासारखा केला. जेवताना सगळ्यांसमोर हात बाजूला ठेवून खारूताईची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. आई म्हणाली, गप जेव. बाप उठून गेला. काका मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "शहाणी आहेस." आणि मावशी, त्याने प्रश्न विचारले! एक नाही, कितीतरी. तुझ्या मैत्रिणीने चेहरा पाहिला का, तिने आणखी कोणाला सांगितलंय, ती घरी एकटीच जाते की कोणी न्यायला येतं, कालव्याच्या रस्त्याने जाते की बाजारातून. मास्तरणीने मला हे सगळं क्रमाने सांगितलं. मी ऐकत होते आणि मला तुझं वाक्य आठवत होतं.

एवढंच नाही. शनिवारी तो स्वतः गणवेशाचं गाठोडं घेऊन शाळेत आला. दुकानातून तडक उठून आला असावा, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच. मला हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्ही फार चांगलं शिकवता हो पोरांना. ती बेकरीवाल्यांची मुलगी कोणती?" मी हाक मारून बोलावली तिला. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, गोळी दिली. खारूताई माझ्या मागे लपली, गोळी घेईचना. लाजली. मीच तिच्या हातात कोंबली. म्हटलं, अग, काका आहेत तुझ्या मैत्रिणीचे.

वरच्या वस्तीतला माणूस खालच्या वस्तीतल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन एकटीच रडले, आनंदाने हं.

मास्तरणीच्या वहीत 'उत्कृष्ट' लिहिलंय.

तुझी भाची


१८ ऑगस्ट

लाडके,

तुझं पत्र साऱ्या ऑफिसात फिरलं. टंकलेखिका बाईंनी तर डोळे पुसले. तुझ्या दोन्ही मुली मी पुस्तकात घेतल्यात, नावं न देता अर्थातच. 'एका गावातील दोन मैत्रिणी' असा मजकूर गृहपाठाच्या पानावरच चौकटीत येईल. काकांचा प्रसंगही घेतला.

झोपाळ्याची आठवण ठेव.

मावशी


४ सप्टेंबर

भाचीबाई,

पत्र नाही, काही नाही. डोक्यात हवा गेली वाटतं. पुस्तक छपाईला जाण्याआधी मला त्या दोघींचा एखादा ताजा संवाद हवा होता. उलट टपाली पाठव.

मावशी


१२ सप्टेंबर

मावशी,

खारूताई गेली.

गेल्या महिन्यातल्या शेवटच्या बुधवारी, माझा तास संपल्यावर. कालव्याच्या रस्त्याला मागून टेम्पो आला. नंबर नव्हता त्याला. रस्ता सरळ आहे, तिथे वळण नाही, गर्दी नाही, कुत्रंसुद्धा आडवं येत नाही. पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं. बेकरीवाला आणि त्याची बायको तिला पुरून आली आणि पुढच्या आठवड्यात गाव सोडून गेली. कुठे, ते कोणाला माहीत नाही. पुन्हा उभी केलेल्या बेकरीची भट्टी गरमच होती म्हणतात.

चार दिवस मास्तरीण शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आली. सगळे घरी गेल्यावर माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि तिने मला ती गोष्ट सांगितली, जी मी वर्गात ऐकायची टाळली होती. शटरच्या फटीतून खारूताईला एक माणूस दिसला होता. हातात डबा होता आणि गळ्यात माप घ्यायची फीत. घाईत काढायची राहिली असेल. तो कोण हे खारूताईला माहीत नव्हतं. शाळेत समोर आला तेव्हा कळलं. मावशी, ती लाजली नव्हती.

मी मास्तरणीला विचारलं, तुला कळलं होतं का तो कोण ते? म्हणाली, "हो. ऐकल्याबरोबर कळलं." मग घरी का सांगितलंस ग, जेवताना, त्याच्यासमोर? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाढा विसरले असावे. म्हणाली, "बाई, काकाने चुकलं म्हणावं म्हणून. गोष्ट नीट सांगितली की माणूस चुकलं म्हणतो, असं तुम्हीच शिकवलंत ना."

मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. विचारलं, तुम्ही स्वतः काय पाहिलं? काही नाही. ज्या मुलीने पाहिलं ती? नाही आता. मग ही दुसरी मुलगी जबाब देईल का, स्वतःच्या काकाविरुद्ध, आणि जबाब देऊन रात्री झोपायला कुठे जाईल? मी उठले. निघताना दारात बघते तर भिंतीला नवे कोरे गणवेश टांगलेले, उंचीप्रमाणे, टाचण्या लावलेले.

त्याला ती मुलगी कोणती हे मी दाखवलं, मावशी. बोट करून नाही, हाक मारून, कौतुकाने. गोळी हातात कोंबली. तू खूण सांगितलीस आणि मी ती खूण धरून बसले. डोळ्यांनी दिसत होतं ते पाहिलं नाही.

मला तुझ्याकडून सांत्वन नको. एकच कर. तो गृहपाठ पुस्तकातून काढ. आणि ती चौकटही. देशभरात किती गावं आमच्यासारखी असतील. प्रत्येक वर्गात फटीतून बघितलेलं एखादं मूल असेल. एवढं कर आणि मग माझ्याशी बोलू नकोस वाटलं तर.

भाची


२४ सप्टेंबर

बाळ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ऑफिसात वाचवलं नाही, घरी आणलं.

मी काय लिहू? मी ती मुलगी पाहिलेली नाही, पण गेला महिनाभर ती माझ्या टेबलावर होती. रोज तिच्यावर वाक्यं लिहीत होते.

तरी तुला विचारते, रागावू नकोस. अपघात नसेलच असं तू कशावरून म्हणतेस? टेम्पोवाले कसे चालवतात ते आपण बघतो. दुःखात माणूस दुवे जोडतो. एका गावात एक वाईट गोष्ट घडली म्हणून पद्धतच वाईट, असं म्हणता येईल का? तू गणिताची आहेस.

हे मी लिहिलं आणि वाचलं, आणि मला माझीच शिसारी आली. पण खोडत नाही. तुला कळू दे की मी असा विचार करू शकते.

पुस्तकाचं बघते. छपाई सुरू झालीय, साहेब परदेशी परिषदेला तेच घेऊन जाणार आहेत. त्यांच्याशी बोलायला हवं. कारण काय सांगायचं हाच प्रश्न आहे. खरं सांगितलं तर पुस्तकच बंद होईल, सगळंच्या सगळं. खोडरबर, "असंच", सगळं. मी बघते ग. नक्की बघते.

त्या दुसऱ्या मुलीला सांभाळ.

मावशी


२९ ऑक्टोबर

मावशी,

सोमवारी पुस्तकांचा गठ्ठा आला. गुळगुळीत कागद, छान रंग. मुखपृष्ठावर कबूतर आहे, साहेबांनी हट्ट सोडला नाही वाटतं. मी दोरी कापली आणि आधी ते पान काढलं.

गृहपाठ आहे. चौकटही आहे. 'एका गावातील दोन मैत्रिणी.' शेवटचं वाक्य तुझं आहे, मी तुझा हात ओळखते: 'आजही त्या एकाच बाकावर बसतात.' तू विचारलं असशील, साहेब नाही म्हणाले असतील. किंवा विचारलंच नसशील. मला ते आता जाणून घ्यायचं नाही, आणि तू कळवूही नकोस.

बुधवारी पुस्तकं वाटावीच लागली, मुख्याध्यापक दारात उभे होते. मुलं चित्रं बघत होती. वर्ग पुन्हा दोन भागांत बसतो, मी हलवत नाही कोणाला. मास्तरीण खिडकीकडे एकटी बसते. तिने पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली, ती तशीच वाचते. त्या पानावर आली तेव्हा मला कळलं, कारण तिने बोटाने ओळ धरली आणि बोट पुढे सरकेना.

तास सुटल्यावर ती थांबली. म्हणाली, "बाई, ही मी आहे ना?" मी हो म्हटलं. "यात ती आहे अजून," म्हणाली. मग बराच वेळ दप्तराचं बक्कल लावत राहिली. मी विचारलं, घरी कसं आहे? तर म्हणाली, काका रोज जेवताना विचारतो. तुझी मैत्रीण आणखी काय म्हणाली होती, तू बाईंना काही सांगितलंस का, परत एकदा सांग बघू ती गोष्ट. रागावत नाही, हसून विचारतो. पहिला घासही तिला भरवतो म्हणे. आणि आता तिने मला विचारलं, "मी त्याला काय सांगू?"

मावशी, माझ्यापुढे तुझं पुस्तक होतं आणि ही अकरा वर्षांची मुलगी. तिला तिच्या घरातून काढून मी कुठे नेऊ? आईला ठाऊक आहे की नाही, कळत नाही. पोलिसांना ठाऊक आहे. गावालाही असेल.

मी दार लावलं. तिला समोर बसवलं आणि सांगितलं, म्हणायचं की बाईंना काही सांगितलं नाही. ती मुलगी खोटारडी होती, रोज नवीन गोष्ट सांगायची. तिने काय सांगितलं ते मीसुद्धा विसरले, असं म्हणायचं.

तिने मान हलवली. नाही म्हणाली. "ती खोटारडी नव्हती."

मी म्हटलं, मला माहीत आहे. तरी म्हण.

ती म्हणेना. मी तिचे दोन्ही दंड धरले आणि रागावले. आजवर तिला कधी असं रागावले नव्हते. तेव्हा ती म्हणाली, पण रडत. मी सांगितलं, असं रडत नाही चालणार, त्याला कळेल. पुन्हा म्हण. जेवताना सहज बोलतो तसं, माझ्याकडे बघून. पुन्हा. मी काका झाले, तिला प्रश्न विचारले, घास पुढे केल्यासारखा हात केला. मुख्याध्यापक बाहेरून दार ठोठावत होते तरी उघडलं नाही.

संध्याकाळ होत आली तेव्हा तिला जमलं. आवाज न कापता, डोळे न भरता, थोडं हसूनसुद्धा म्हणाली, "ती? ती तर खोटारडी होती."

मी तिला शाबास म्हटलं.

तुझी भाची